स्वतःच्या भाषेत अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड: आधी काय बांधू?

प्रश्न: अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड म्हणजे दर डिसेंबरला एका साइटवर येणारी प्रोग्रॅमिंगची कोडी. मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेत यंदा ती सगळी सोडवायची आहेत. इंटरप्रिटर (भाषेतला कोड चालवणारा प्रोग्रॅम) सी मध्ये आहे, थेट सिंटॅक्स ट्रीवर (कोडच्या रचनेच्या झाडावर) चालणारा. फंक्शन, लूप, अ‍ॅरे (मूल्यांची यादी) झालेत. हॅशमॅप (खुणेवरून, म्हणजे ‘की’वरून, मूल्य पटकन शोधणारी रचना) नाही, पूर्णांक ३२ बिटांचे. डिसेंबरआधी काय हवंच?

उत्तर १: पूर्णांक आजच ६४ बिटांचे करा. ३२ बिट २,१४,७४,८३,६४७ वर संपतात. तिथली कितीतरी उत्तरं त्याच्या पुढची असतात. मग हॅशमॅप, आणि इथे घाई नको. ग्रिडच्या कोड्यांत (x, y) ही जोडीच ‘की’ असते. तुमची भाषा अ‍ॅरेची तुलना मेमरीतल्या पत्त्याने करत असेल, तर आत्ताच भेट दिलेली जागा तिला पुन्हा नवी वाटेल. तुलना आणि हॅश (‘की’ कुठे ठेवायची ते ठरवणारा आकडा), दोन्ही मूल्यावरून हवेत.

उत्तर २: बाइटकोडच्या (कोड आधी सोप्या सूचनांत बदलून वेगाने चालवण्याच्या) मागे आत्ताच लागू नका. दहा वर्षं जुन्या यंत्रावरही १५ सेकंदांत सुटेल अशी वाट प्रत्येक कोड्याला असते, असं साइटच सांगते. वेग बहुतेक अल्गोरिदममधून येतो. २०१५ पासूनची जुनी कोडी खुली आहेत, त्यांवर भाषा घासून घ्या.

प्रश्नकर्ता: माझी तुलना पत्त्यानेच होते! आज रात्री तेच बदलतो.