आईची जांघ दुखते पण डॉक्टर म्हणतात खुबा झिजलाय

आई ६४ वर्षांची, आम्ही फोंड्याला असतो. सहा महिने उजव्या जांघेत आणि गुडघ्यात दुखतंय, आम्ही आपले गुडघ्यालाच तेल चोळत बसलो, शेवटी एक्सरेत खुबा निघाला. सकाळी पंधरा-वीस मिनिटं आखडतं, चप्पल घालताना वाकता येत नाही. चालणं बंद करायचं का? चतुर्थीला जमिनीवर बसायचा हट्ट आहे तिचा.

फोंडेकर: खुब्याचं दुखणं जांघेत आणि गुडघ्यात उतरतं, माझ्या बाबांचंही असंच फसलं होतं. चालणं बंद अजिबात नको हो, स्नायू ढिले पडले की सांध्यावर भार अजून वाढतो. सपाट जागी थोडं थोडं चालू द्या आणि फिजिओकडून मांडीचे, कुल्ल्याचे व्यायाम शिकून घ्या. काठी मात्र डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या उलट, बहुतेक लोक चुकीच्या हातात धरतात आणि मग म्हणतात फरक नाही.

म्हापश्याची ताई: मांडी घालून आणि उकिडवं बसणं टाळा, चतुर्थीला उंच खुर्ची द्या, आरती होतेच की. वजन जास्त असेल तर थोडं उतरवलं तरी बरं वाटतं. गोळ्या मनाने नकोत, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विशेष जपा. रात्री झोपमोड व्हायला लागली, व्यायाम करूनही चालणं कमी होत गेलं तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हाडांच्या ओपीडीत दाखवा, सांधा बदलायचं तेव्हा बघता येईल.

मूळ पोस्टकर्ता: थँक्यू, आईची काठी उजव्याच हातात होती, आजच बदलली.