चर्चा: वरिष्ठ दर सहामाहीला कार्यक्रम बदलत असतील, तर प्रोग्रॅम मॅनेजरने टिकून राहावं का?

इंदूरकरीण (धागा माझा):
इंदुरातल्या एका शिक्षणसंस्थेत मी प्रोग्रॅम मॅनेजर आहे. काम धार-झाबुआकडच्या सरकारी प्राथमिक शाळांत, पहिली ते तिसरीच्या वाचनावर. आमचे संचालक गोड बोलतात, कुणाचा अपमान करत नाहीत. पण जुलैत भिलीतून हिंदीकडे नेणारी पुस्तिका ठरली, शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, आणि दिवाळीनंतर ती बाजूला सारून ॲप आलं. का, तर ते कुठल्याशा परिषदेत बघून आले! जनशिक्षकांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी शिक्षकांना, तोंड मी द्यायचं.

२०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. घरी भिली बोलणारं मूल तिथवर पोचायचं तर एकच पद्धत दोन-तीन वर्षं नेटाने चालवावी लागते.

आता देणगीदार कंपनीच्या अहवालासाठी बेसलाइन (सुरुवातीची चाचणी) एका शाळांची आणि शेवटची चाचणी दुसऱ्या, बऱ्या शाळांची लावून 'वाढ' दाखवायला सांगितलंय. मी लेखी नकार दिला. माझं मत स्पष्ट आहे: अशा नेतृत्वाची ढाल होऊ नये. मॅनेजर सगळं निस्तरत राहिला, तर वरच्यांना आपली चूक कधी दिसतच नाही. नाही ऐकलं तर सोडावं.

रामबागेतले काका:
ताई, आकड्यांबाबत तुम्ही शंभर टक्के बरोबर. सोडण्याबाबत मुळीच नाही. मी जन्मभर सरकारी शाळेत शिकवलं. संस्था येतात-जातात, शिक्षक ओळखतो तो दर महिन्याला वर्गात मागे येऊन बसणाऱ्या माणसाला. आधीच त्याच्यामागे निवडणुकीची, जनगणनेची कामं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये ती कामं शिक्षकांना द्यायची मुभाच आहे. त्यात तुम्ही गेलात की नवी मॅनेजर पहिल्यापासून सगळं विचारणार. ढाल व्हा. त्या ढालीमागे मुलं आहेत.

बडोद्याची सून, माहेर इंदूर:
काका, ढाल किती वर्षं? सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण आधी अमरेली भागात १८९३ साली करून पाहिलं आणि १९०६ साली राज्यभर नेलं. नेतृत्व म्हणजे हे, आधी एका ठिकाणी रुजू द्यायचं. मधल्या माणसाच्या त्यागाने ही उणीव भरून निघत नाही.

सीएसआरवाला:
राजाला दरवर्षी देणगीदारापुढे हात पसरावे लागत नव्हते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर (सीएसआर) खर्चायचे असतात. मार्च आला की आमच्या ऑफिसात सगळे विचारतात, नवीन काय? तुमचे संचालक त्या दबावाखाली बदल करत असतील. सगळं त्यांच्या माथी मारू नका.

इंदूरकरीण:
दबाव खरा आहे, मान्य. पण २०२१च्या नियमांनुसार सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प घेता येतो. तो मागायला तुमच्यासमोर बसून 'यंदा नवीन काही नाही, तेच पुढे न्यायचंय' म्हणावं लागतं. ते म्हणणं संचालकांचंच काम आहे. माझ्या हुद्द्याच्या माणसाला त्या बैठकीत बोलावतही नाहीत.

सीएसआरवाला:
हे बरोबर. पुढच्या वेळी मॅनेजरला बोलवा असं आम्हीच म्हणू शकतो. आजवर म्हटलेलं नाही.

रामबागेतले काका:
तरी माझं मत तेच. चाचणीच्या मूळ उत्तरपत्रिका कुठे आहेत? नकाराची प्रत विश्वस्तांना दिलीत का?

इंदूरकरीण:
उत्तरपत्रिका शाळानिहाय गठ्ठे करून कार्यालयात ठेवल्या आहेत. प्रत आज पाठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबेन, पुस्तिका वापरणाऱ्या शाळांची चाचणी त्याच मुलांवर पुन्हा घेईन. जूनमध्ये पुन्हा ॲपच आलं, तर मात्र मी थांबणार नाही, काका.