जुन्या पीसीवर प्रिंट स्पूलर सारखा बंद पडतोय, विंडोज पुन्हा टाकावी का?

पार्लेपूर्व
सोसायटीच्या ऑफिसातला पीसी आहे. विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिट, २ जीबी रॅम, सी ड्राइव्हवर जेमतेम ३०० एमबी मोकळी. यूएसबीवर जुना काळा-पांढरा लेझर प्रिंटर. मेंटेनन्सची ८४ बिलं एकदम पाठवली की दहा-बारा निघतात आणि ‘प्रिंट स्पूलर सर्व्हिस इज नॉट रनिंग’ येतं. मध्ये वीज गेली, तेव्हापासून सर्व्हिस सुरू केली तरी मिनिटभरात पुन्हा बंद. सीपीयू लॅमिंग्टन रोडला नेऊन विंडोज नव्याने टाकावी असं कमिटीचं मत आहे. पण बिलांचा प्रोग्राम जुना, त्याची सीडी नाही. त्याआधी काय करून पाहावं?

खिळेजुळारी
विंडोजला हात लावू नका, आधी छपाईची रांग रिकामी करा. स्पूलर म्हणजे छापायची कामं रांगेत ठेवून एकेक करून प्रिंटरला देणारी विंडोजची सर्व्हिस. वीज अचानक गेली की अर्धवट कामाच्या फाइली डिस्कवर तशाच राहतात. स्पूलर उठला की त्याच फाइली पुन्हा वाचायला घेतो आणि तिथेच कोसळतो.

प्रिंटर बंद करून यूएसबी केबल काढा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि ‘नेट स्टॉप स्पूलर’ ही कमांड द्या. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा. तिथे एसपीएल आणि एसएचडी अशा जोडीच्या फाइली दिसतील. पहिलीत छापायचा मजकूर असतो, दुसरीत ते काम कोणाचं आणि कुठल्या प्रिंटरचं याची नोंद. दोन्ही उडवा. प्रिंटर्स हे फोल्डर मात्र ठेवा, आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरमधलं काहीही काढू नका. मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’.

आता केबल न लावता पाच मिनिटं थांबा. रिकाम्या रांगेवर स्पूलर टिकला तर दोष अडकलेल्या कामात होता. तरीही पडला तर दोष ड्रायव्हरमध्ये (विंडोज आणि प्रिंटरमधला दुभाषी प्रोग्राम) किंवा पोर्ट मॉनिटरमध्ये (प्रिंटरच्या पोर्टकडे डेटा पोचवणारा भाग) आहे, आणि मग फाइली कितीही वेळा उडवल्या तरी फरक पडणार नाही.

कागदी_घाटकोपर
३०० एमबी हेही दुखणं आहेच. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ए४ चं एक काळं-पांढरं पान न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, ठेवलं तर साधारण ४.३ एमबी होतं. ८४ पानांचे ३६० एमबीच्या वर जातात. ड्रायव्हर डेटा दाबतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी लागेल, पण बिलावर लोगो आणि स्कॅन केलेली सही असेल तर फार कमी नाही. डिस्क क्लीनअप चालवा, बिलं वीस-वीसच्या गठ्ठ्याने पाठवा. डी ड्राइव्ह असेल तर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये स्पूल फोल्डरचा पत्ता बदलता येतो.

सर्व्हिस सुरू करताना १०६८ एरर आली तर प्रश्न निराळा: स्पूलर ज्या सर्व्हिसवर अवलंबून आहे तीच सुरू नाही. सर्व्हिसेसमध्ये स्पूलरच्या ‘डिपेंडन्सीज’ टॅबवर नावं पाहा. रिमोट प्रोसीजर कॉल तिथे असणारच. एखाद्या जुन्या प्रिंटर सॉफ्टवेअरचं नाव तिथे चिकटलेलं असेल तर ते अडवतंय.

पार्लेपूर्व
१०६८ नाही. फोल्डरात २३ फाइली होत्या, उडवल्या. केबल न लावताही तीन मिनिटांत बंद पडला.

खिळेजुळारी
मग गुन्हेगाराचं नाव काढू. कंट्रोल पॅनेल, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन. स्पूलर पडल्याच्या वेळेची १००० क्रमांकाची लाल नोंद शोधा आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ वाचा. तिथे एनटीडीएलएल असेल तर अर्थ फारसा लागत नाही, ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. दुसरं नाव असेल तर ती फाइल सिस्टिम३२ मध्ये किंवा स्पूलच्या ड्रायव्हर्स फोल्डरात सापडेल. प्रॉपर्टीजच्या ‘डिटेल्स’मध्ये ती कोणत्या सॉफ्टवेअरची ते कळतं.

पार्लेपूर्व
दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या ऑल-इन-वन प्रिंटरची डीएलएल (प्रोग्रामचा कोड असलेली फाइल) निघाली. प्रिंटरचं आयकॉन तेव्हाच डिलीट केलं होतं.

खिळेजुळारी
आयकॉन काढलं तरी ड्रायव्हर राहतो, घोटाळा तिथेच आहे. आधी ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’मधून त्याचं सॉफ्टवेअर काढा. मग डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये कुठल्याही प्रिंटरवर एकदा क्लिक करा, वर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ दिसेल. ‘ड्रायव्हर्स’ टॅब, जुनं नाव, रिमूव्ह, आणि ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ निवडा. स्पूलर चालू असेल तरच ही खिडकी उघडते, म्हणून ‘नेट स्टार्ट’ दिल्या दिल्या लगेच उघडा. ‘ड्रायव्हर इज इन यूज’ आलं तर स्पूलर थांबवून सुरू करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

तरीही पडला तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, ‘रेजएडिट’ने उघडते) एचके लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, प्रिंट, मॉनिटर्स इथे त्या डीएलएलचं नाव असलेली ‘की’ (फोल्डरसारखी नोंद) सापडेल. आधी ‘प्रिंट’ ही अख्खी की एक्सपोर्ट करून ठेवा, मग फक्त त्या डीएलएलची की काढा. लोकल पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, यूएसबी मॉनिटर, डब्ल्यूएसडी पोर्ट ही विंडोजची आहेत, ती राहू द्या.

कागदी_घाटकोपर
तुमच्याकडे प्रोफेशनल आहे, म्हणजे प्रिंट मॅनेजमेंट मिळेल. तिथे चालू प्रिंटरच्या ड्रायव्हरवर राइट क्लिक करून ‘सेट ड्रायव्हर आयसोलेशन’ला ‘आयसोलेटेड’ करा. ड्रायव्हरला ते झेपत असेल तर पुढे तो पडला तरी स्पूलरला सोबत ओढत नाही.

केबल परत त्याच सॉकेटमध्ये लावा. दुसऱ्यात लावली तर विंडोज ‘कॉपी १’ नावाचा नवा प्रिंटर करते, बिलं जुन्याच्या रांगेत पडून राहतात आणि स्पूलरच बिघडला असं वाटतं.

आणि या पीसीवरून प्रिंटर कोणाला शेअर करत नसाल तर शेअरिंग बंदच ठेवा. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, आणि २०२१ मध्ये स्पूलरमध्येच मोठं सुरक्षा-छिद्र सापडलं होतं. जुलै २०२१ चा त्यावरचा पॅच विंडोज ७ साठीही आला होता. तो बसलाय का ते ‘इन्स्टॉल्ड अपडेट्स’मध्ये तारखेवरून पाहून घ्या.