१ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर कोणतं लिनक्स? आणि सर्व्हर मुंबईत की जर्मनीत?

प्रश्न
वाचनालयाची वर्डप्रेस साइट शेअर्ड होस्टिंगवरून व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) हलवायची आहे. वाचक बहुतेक पुणे-कोल्हापूरकडचे. हात सेंटओएस ७ या लिनक्सवर बसलाय. जर्मनीतला सर्व्हर स्वस्त पडतोय. काय घ्यावं?

प्रतिसाद १
सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ लाच संपली, ते सोडाच. त्याच वळणाचं हवं तर अल्मालिनक्स ९ आहे, २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. पण १ जीबीत त्याचं डीएनएफ हे अपडेट बसवणारं साधनच इतकी मेमरी खातं की अपडेट अर्ध्यात मरू शकतं. तुमच्यासाठी डेबियन १३ बरं. एलटीएस (वाढीव मुदतीचे सुरक्षा अपडेट) धरून २०३० पर्यंत निश्चिंत.

बसवल्या बसवल्या १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा, कारण बऱ्याच क्लाउड इमेजमध्ये स्वॅप नसतोच. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) ओळ टाकायला विसरलात तर रीबूटनंतर स्वॅप गायब! पीएचपी-एफपीएममध्ये (वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणाऱ्या सर्व्हिसमध्ये) मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळच्या प्रोसेसची मर्यादा, मुळात ५ असतं, तेवढंच राहू द्या. गर्दी झाली की लोक तो आकडा २० करतात. एकेक प्रोसेस ५०-६० एमबी घेते, मेमरी संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) नेमका मारियाडीबी या डेटाबेसचा बळी घेतो. साइटवर दिसतं 'डेटाबेस कनेक्शन एरर', आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. आधी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'आउट ऑफ मेमरी' शोधा.

प्रतिसाद २
जर्मनीचा पिंग (एका फेरीचा, जाऊन-येऊन वेळ) इथून सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद. नवं कनेक्शन म्हणजे टीसीपीची (जोडणीची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (एन्क्रिप्शनची) एक, मग पानाची एक. पहिलं अक्षर यायलाच ४०० च्या आसपास. कॅशिंग प्लगइननं या फेऱ्या वाचत नाहीत. मुंबईच घ्या. फक्त ॲमेझॉनचं लाइटसेल घेणार असाल तर मुंबईत डेटा ट्रान्सफरचा कोटा निम्मा मिळतो, आणि त्याच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये ४४३ पोर्ट (एचटीटीपीएसचा) वेगळा उघडावा लागतो.

प्रतिसाद ३
उबुंटू २४.०४ घेतलंत तर एक खोड लक्षात ठेवा: एसएसएचचा (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीचा) पोर्ट बदलून नुसती एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट चालू राहतो. सिस्टमडी (सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) डेमन-रीलोड करून 'एसएसएच डॉट सॉकेट' रीस्टार्ट करावं लागतं. नवा पोर्ट फायरवॉलमध्ये आधी उघडा, आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होईपर्यंत पहिलं सेशन बंद करू नका.

प्रश्नकर्ता
डेबियन १३, मुंबई. स्वॅप १ जीबी पुरे की २?

प्रतिसाद १
१ पुरे. तोही सतत भरलेला दिसला तर स्वॅप वाढवू नका, २ जीबी रॅमचा प्लॅन घ्या.