१९५० च्या दशकातील लंडनचे उपनगर आणि तिथले बालपण

प्रश्न: त्या काळी लंडनच्या उपनगरांत वाढलेल्यांच्या आठवणींत गोळ्या-चॉकलेटांचे रेशनिंग हमखास येते. युद्ध १९४५ मध्येच संपले असताना ते इतके का लांबले?

उत्तर १: माझे बालपण हॅरोमध्ये गेले. एप्रिल १९४९ मध्ये हे रेशनिंग एकदा उठवले होते. परंतु मागणी पुरवठ्याच्या इतकी पुढे गेली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लागू करावे लागले आणि अखेर फेब्रुवारी १९५३ मध्येच संपले. मूळ कारण साखरेची आणि परकीय चलनाची टंचाई. मांसासाठी तर जुलै १९५४ उजाडला. दुकानातल्या काचेच्या बरण्यांकडे नुसते पाहत उभे राहण्यातही (आज हसू येते) आमचा बराच वेळ जाई.

उत्तर २: मला धुके अधिक आठवते. घरोघरी कोळशाच्या शेगड्या असत, त्यामुळे डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस दाट, पिवळसर धुरके साचून राहिले आणि हजारो माणसे दगावली. पुढे १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धूरमुक्त क्षेत्रे आली.

उत्तर ३: शाळेतले एक-तृतीयांश पाइंट मोफत दूध विसरलात! हिवाळ्यात ते बाटलीतच गोठत असे.