स्कॉटलंडच्या स्काय बेटावर आई-बाबांना काय दाखवू, डनव्हेगन किल्ला की आर्माडेल किल्ला?

जुलैत ग्लासगोहून गाडीने स्कायला चाललोय, सोबत सांगलीहून आलेले आई-बाबा आणि ९ वर्षांची लेक. दोन्हीकडे जाणं जमणार नाही असं दिसतंय. बाबांना इतिहासाचं वेड पण गुडघे दुखतात, लेकीला म्युझियम म्हटलं की जांभया. काय करू?

धुकंधुकं:
डनव्हेगन, विचारच नको. मॅक्लाउड घराणं तिथे जवळपास ८०० वर्षं आहे, आजही किल्ला त्यांच्याकडेच. लेकीला आधी फेअरी फ्लॅग म्हणजे परीचा झेंडा दाखव, जुना विटका रेशमी कपडा आहे नुसता, पण गोष्ट अशी की संकटात तो तीनदा फडकवता येतो आणि दोनदा वापरून झालाय, त्यामुळे आता तिसऱ्यांदा कधी हा प्रश्न ती दिवसभर विचारणार ही तयारी ठेव :) जाणकारांच्या मते रेशीम सीरिया नाहीतर ऱ्होड्सकडचं असावं. आणि रोरी मोर या जुन्या मॅक्लाउड प्रमुखाचं शिंग! घराण्याच्या वारसदाराने ते वाईनने भरून एका दमात रिकामं करायचं, दीडएक बाटली मावते म्हणे. खालून छोट्या बोटीतून सील दाखवायला नेतात, त्याचं तिकीट वेगळं.

पायवाट_वाला:
सील ठीक आहेत, पण काकांना इतिहास हवाय ना? मग आर्माडेल. किल्ल्याला छप्पर नाही, आत जाता येत नाही, राजगड-रायगडसारखं काही डोक्यात ठेवून गेलात तर वैतागाल, ही १९व्या शतकातली हवेली आहे. खरा माल म्युझियममध्ये. मॅकडोनल्ड लोकांचं बेटांवरचं राज्य कसं उभं राहिलं, १४९३ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने ते कसं खालसा केलं, मग पुढे लोक घरदार सोडून अमेरिका-कॅनडाला का गेले, सगळं नीट मांडलंय. चढउतारही फारसा नाही. डनव्हेगनला आत पायऱ्या आहेत हां.

धुकंधुकं:
पायऱ्या आहेत मान्य, पण हळूहळू होतात. आणि काकांसाठी एक धागा देतो, तिथला २३वा चीफ, म्हणजे घराण्याचा प्रमुख, जनरल नॉर्मन मॅक्लाउड १७८२ मध्ये मलबारात टिपूशी लढलाय.

प्रश्नकर्ता:
टिपू म्हटल्यावर बाबांनी निकाल लावला, डनव्हेगन! येताना आर्माडेलहून पलीकडच्या मॅलेग बंदराची फेरी बोट घेतली तर म्युझियमही होईल ना?

पायवाट_वाला:
होईल की, धक्क्यापासून जवळच आहे. फक्त गाडीची जागा आत्ताच बुक कर, जुलैत आयत्या वेळी मिळत नाही.