उंच इमारतींनी शहराचा वारा अडवलाय का?

वाऱ्याची_वाट
शहर तापतंय यावर सगळे बोलतात, पण वाऱ्याचं काय झालं हे कोणी विचारत नाही. इमारती वाढल्या की जमिनीलगतचा वारा मंदावतो. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजू उंच असतील तर तो छपरांवरूनच निघून जातो, खालचा धूर तिथेच घुटमळतो. माझं म्हणणं, किनारा, नदीकाठ आणि डोंगरउतारांवर उंच बांधकामाला परवानगीच नको. जर्मनीतलं श्टुटगार्ट खोलगट खोऱ्यात आहे, मुळात वारा कमी. तिथल्या पालिकेने १९३८ पासून हवामानतज्ज्ञ नेमलाय आणि रात्री उतारांवरून येणाऱ्या गार हवेच्या वाटा जपल्यात.

चटईक्षेत्र
आणि माणसं राहणार कुठे? उंची अडवलीत तर शहर आडवं पसरेल, आणि तुमचे उतार सगळ्यात आधी जातील. शिवाय उंच इमारत वारा नुसता अडवत नाही, वरचा जोरदार वारा भिंतीवर आपटून खाली आणते. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये २०११ साली एका टॉवरपाशी वाऱ्याने ट्रक उलटला, पादचारी दगावला. तिथली तक्रार 'वारा नाही' ही नव्हती!

वाऱ्याची_वाट
अहो, ही तर माझीच बाजू झाली. कोपऱ्यावर वादळ आणि मागच्या गल्लीत गुदमर, याला खेळती हवा म्हणायचं?

गच्चीवरून
दोघंही उंचीलाच चिकटून बसलात. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्सच्या साथीनंतर हा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी हवा खेळेल का याची तपासणी सुरू झाली. तिथे लोकांचा राग एकमेकींना खेटून भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या इमारतींवर होता. सुटे टॉवर, कमीजास्त उंची, वाऱ्याच्या दिशेने जाणारे रस्ते असतील तर दाट वस्तीतही हवा फिरते. (झाडं लावा म्हणणाऱ्यांनाही एक सांगणं: अरुंद रस्त्यावर दाट पानोरा धूर खालीच कोंडतो.)

चटईक्षेत्र
मधल्या मोकळ्या जागेची किंमत घर घेणाराच मोजणार ना? आणि वारा पडलेल्या दिवशी त्या फटीचा उपयोग काय?

वाऱ्याची_वाट
वारा पडतो तेव्हाच तर ती लागते. शांत, निरभ्र रात्री उतारावरची गार हवा जड होऊन आपोआप खाली वाहते. तिच्या तोंडावर चार मजली सोसायटी उभी केलीत तरी ती अडते, टॉवर लागत नाही. म्हणून 'दाट पण सुटं' हे सपाटीवर ठीक, उताराच्या तोंडाशी मला तेही नको.

चटईक्षेत्र
म्हणजे उंचीवरून सुरुवात करून आता चार मजल्यांवरही बंदी!